भरतीच्या खिडकीवर जाण्याआधी

आरोग्य योजनेचं कार्ड काढायला सगळ्यात वाईट जागा म्हणजे रुग्णालयातली भरतीची खिडकी. रुग्ण स्ट्रेचरवर असतो, रेशन कार्ड गावच्या कपाटात असतं, आधारला जोडलेला मोबाइल नंबर कधीचाच बंद पडलेला असतो, आणि खिडकीतून प्रश्न येतो, "बीपीएल कार्ड इदेया?" म्हणजे दारिद्र्यरेषेखालचं रेशन कार्ड आहे का? त्याचं जे उत्तर निघेल त्यावर पुढचे लाख-दोन लाख रुपये अवलंबून असतात. हे उत्तर घरी, शांतपणे, सगळे धडधाकट असताना तयार करून ठेवता येतं. ते कसं, हे सांगण्यासाठी हा लेख.

बंगळुरातल्या बनशंकरी, पद्मनाभनगर, कत्रिगुप्पे, जे. पी. नगर या पट्ट्यातली मराठी घरं ढोबळमानाने दोन तऱ्हेची. काही पिढ्यानपिढ्या बंगळुरातच आहेत: भावसार, नामदेव शिंपी, आरे मराठा. घरात मराठी, दारात कन्नड. रेशन कार्ड इथलंच, त्यामुळे ‘आपलं सगळं झालेलं आहे’ असा समज. दुसरी घरं नोकरीसाठी आलेली. कंपनीचा विमा आहे, म्हणून ‘सरकारी योजना आपल्यासाठी नाही’ हा समज. पहिल्यांचं कार्ड कधी एपीएल, म्हणजे दारिद्र्यरेषेवरचं, झालं ते त्यांना कळत नाही. दुसऱ्यांचे आईवडील सांगलीहून किंवा बेळगावहून इथे राहायला येतात तेव्हा त्यांची नोंद ना तिकडे चालते ना इकडे असते.

नोंदणी कोणी करायची?

कुठल्याही आरोग्यसंरक्षणाबद्दल पहिला प्रश्न हा विचारा: नाव नोंदवण्याची जबाबदारी कोणावर आहे? जिथे विधिमंडळाने किंवा संसदेने कायदा केला आहे तिथे ती बहुधा मालकावर किंवा कंपनीवर असते आणि त्यांनी ती टाळली तर तुम्ही तक्रार करू शकता. जिथे केवळ सरकारी आदेशाने चालणारी योजना आहे तिथे ती तुमच्यावर असते. तुम्ही गेला नाहीत तर कोणी बोलवायला येत नाही. कर्नाटकातली सर्वांत मोठी योजना, ‘आयुष्मान भारत – आरोग्य कर्नाटक’, या दुसऱ्या प्रकारात मोडते.

ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत त्यांनी तिथल्या सरकारी विमा-बाजाराबद्दल ऐकलं असेल. २०१० च्या आरोग्य कायद्यानंतर तिथल्या राज्यांत असे बाजार उभे राहिले: एकाच ठिकाणी सगळ्या कंपन्यांच्या योजना, सरकारी मदतीचा हिशोब आणि नोंदणी. तरीही पात्र असलेली असंख्य माणसं नोंदणीविना राहिली. मग मेरीलँड राज्याने २०१९ मध्ये कायदा केला. आयकराचं विवरणपत्र भरताना एका चौकोनात खूण करायची: माझ्याकडे विमा नाही, माझी माहिती विमा-बाजाराला कळवायला हरकत नाही. पुढचं काम राज्याचं. तुम्ही कशाला पात्र आहात ते बाजार पत्राने कळवतो आणि नोंदणीसाठी खास मुदत देतो. लोक ज्या कागदाशी दरवर्षी हटकून येतात त्यालाच त्यांनी नोंदणी जोडली.

आपल्याकडे तो कागद रेशन कार्डाचा आहे. कोणाचं कार्ड कोणत्या वर्गातलं, घरात माणसं किती, आधार क्रमांक काय, हे सगळं राज्याकडे आधीपासून आहे. कुटुंबांचा एकत्रित तपशील ठेवणारी ‘कुटुंब’ नावाची व्यवस्थाही कर्नाटकाने उभारली आहे. म्हणजे माणसाने कार्डासाठी रांगेत उभं न राहता कार्डानेच त्याच्या घरी यावं, इतकी तयारी सरकारदप्तरी आहे. तसा कायदा व्हायला हवा असं माझं ठाम मत आहे. तो होईपर्यंत मात्र हे काम आपलंच.

आरोग्य कर्नाटक: काय मिळतं, कोणाला

मार्च २०१८ मध्ये ‘आरोग्य कर्नाटक’ सुरू झाली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर ती केंद्राच्या आयुष्मान भारतशी जोडली गेली. २०२३ मध्ये नावात मुख्यमंत्र्यांचाही उल्लेख आला, पण लोक तिला आयुष्मान कार्डच म्हणतात. इथे कुठलीही विमा कंपनी नाही. सुवर्ण आरोग्य सुरक्षा ट्रस्ट ही सरकारी संस्था रुग्णालयांना थेट पैसे देते. हप्ता नाही आणि वयाची अट नाही. आधीपासूनचा मधुमेह असो की हृदयविकार, पहिल्या दिवसापासून तो धरला जातो.

रेशन कार्ड अंत्योदय किंवा बीपीएल असेल तर कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मोफत. कार्ड एपीएल असेल तर गोष्ट अगदी वेगळी: ठरलेल्या पॅकेज दराच्या ३० टक्के रक्कम सरकार देतं, तीही कुटुंबाला वर्षाला दीड लाखाच्या मर्यादेत. समजा, एका शस्त्रक्रियेचा योजनेतला दर १ लाख आहे. बीपीएलवाल्याला शून्य भरावं लागेल. एपीएलवाल्याला ३० हजारांची सूट मिळेल आणि ७० हजार त्याला स्वतः उभे करावे लागतील. ‘आमच्याकडे आयुष्मान कार्ड आहे’ एवढ्यावर थांबू नका. कार्ड कोणत्या वर्गाचं आहे ते वाचा.

आणि हा वर्ग बदलतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये राज्यभर बीपीएल कार्डांची छाननी झाली, तेव्हा पुष्कळांची कार्डं एपीएल झाल्याचं रेशन दुकानात गेल्यावर कळलं. गदारोळ झाला आणि आयकरदाते व सरकारी नोकर वगळून बाकीच्यांची कार्डं पूर्ववत करण्याचं सरकारने जाहीर केलं. आपलं कार्ड त्या यादीत होतं का, पूर्ववत झालं का, हे अन्न विभागाच्या ‘आहार’ संकेतस्थळावर रेशन कार्ड क्रमांक टाकून पाहता येतं. तांदूळ न घेणाऱ्या घरांनी तर हे आवर्जून पाहावं, कारण त्यांना बदल कळायचा दुसरा मार्गच नाही.

बीपीएलसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १ लाख २० हजार आहे. घरात कोणी आयकर भरत असेल, सरकारी नोकरी असेल, शहरात हजार चौरस फुटांहून मोठं पक्कं घर किंवा पांढऱ्या पाटीची चारचाकी असेल तर कार्ड बसत नाही. एखादा दलाल ‘करून देतो’ म्हणेल. त्याच्या नादी लागू नका. छाननीत कार्ड रद्द झालं की त्याबरोबर ५ लाखांचं छत्रही जातं, आणि ते नेमकं गरजेच्या वेळी गेल्याचं कळतं.

नाव जुळवणं

नोंदणी होते ‘बेंगलोर वन’ केंद्रावर, ग्रामीण भागात ‘ग्राम वन’वर, किंवा आयुष्मान अ‍ॅपवर स्वतःची स्वतः. रेशन कार्ड क्रमांक टाकला की पडद्यावर घरातल्या सगळ्यांची यादी येते. प्रत्येकाचं आधार प्रमाणीकरण वेगळं करावं लागतं: मोबाइलवर ओटीपी, बोटाचा ठसा, डोळ्यांची बुबुळं किंवा चेहरा. घराचं एक कार्ड काढलं म्हणजे सगळ्यांचं झालं असं होत नाही.

आणि इथेच मराठी घरं अडकतात. आधारवर नाव आहे ‘सुनीता रमेश जाधव’. रेशन कार्ड कन्नडात, त्यावर ‘सुनीता आर’. कर्नाटकात आडनावाऐवजी नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या नावाचं आद्याक्षर लावायची पद्धत, आणि कार्ड करणाऱ्याने तीच वापरलेली. मुलीचं लग्न झालं, तिचं आधार सासरच्या नावाने झालं, पण ती अजून माहेरच्या कार्डावर. ‘जाधव’ कुठे एका स्पेलिंगने, कुठे दुसऱ्या. यंत्र दोन्ही नावं ताडून पाहतं. फार फरक असेल तर अर्ज मंजुरीसाठी वर जातो आणि तिथे पडून राहतो किंवा परत येतो. उपाय कंटाळवाणा आहे पण एकच आहे. आधी आधारवरचं नाव पक्कं ठरवा, मग रेशन कार्ड त्याला जुळवून घ्या, मग आयुष्मानला हात घाला. क्रम उलटा केलात तर तीनही कागद पुन्हा करावे लागतील.

म्हाताऱ्या माणसांच्या बोटांचे ठसे उमटत नाहीत. आयुष्यभर भांडी घासलेल्या, कपडे धुतलेल्या बाईच्या बोटांवर रेषाच उरलेल्या नसतात. चार-पाच वेळा यंत्रावर बोट दाबून ‘होत नाही’ म्हणून त्यांना परत पाठवलं जातं. तिथे अडून राहा आणि ओटीपी किंवा चेहऱ्याने प्रमाणीकरण करायला सांगा. त्याआधी एक काम: घरातल्या प्रत्येकाच्या आधारला चालू मोबाइल नंबर जोडलेला आहे ना, ते पाहा. आजीच्या आधारला नातवाचा जुना नंबर असेल तर आधार केंद्रावर जाऊन आधी तो बदला.

आणखी एक. कार्ड निघालेलं नाही म्हणून रुग्णालयाच्या दारातून माघारी फिरू नका. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो. रेशन कार्ड आणि आधार दाखवून पात्रता तपासायला त्याला सांगा. अडचण आली तर ट्रस्टचा निःशुल्क क्रमांक १८०० ४२५ ८३३० आणि राष्ट्रीय क्रमांक १४५५५ हे दोन्ही फोनमध्ये असू द्या.

आधी सरकारी रुग्णालय

कर्नाटकाच्या योजनेची ही अट न कळल्याने पुष्कळ दावे हातचे जातात. तातडीचा प्रसंग नसेल तर थेट खासगी रुग्णालयात जाऊन कार्ड दाखवता येत नाही. आधी सरकारी रुग्णालयात जायचं. तिथे तो उपचार होत असेल तर तिथेच घ्यायचा. होत नसेल तर तिथून शिफारसपत्र, म्हणजे सगळे म्हणतात ते ‘रेफरल’, घेऊन योजनेतल्या खासगी रुग्णालयात जायचं. जीवघेण्या प्रसंगांसाठी तातडीच्या उपचारांची वेगळी यादी आहे. तिथे रेफरल लागत नाही.

बनशंकरीकरांना ही अट इतरांइतकी जाचक नाही, कारण उत्तम सरकारी संस्था हाकेच्या अंतरावर आहेत. जयनगर चौथ्या ब्लॉकजवळचं जनरल हॉस्पिटल आहे. हाडं मोडली तर संजय गांधी ट्रॉमा संस्था, कर्करोगाला होसूर रस्त्यावरची किदवई आणि हृदयाला बन्नेरघट्टा रस्त्यावरची जयदेव. ऑगस्ट २०२५ मध्ये पिवळी मेट्रो सुरू झाल्यापासून बनशंकरीहून हिरव्या गाडीने एकच थांबा आर. व्ही. रोडपर्यंत जायचं आणि तिथे गाडी बदलून जयदेव हॉस्पिटल स्थानकावर उतरायचं. खासगी रुग्णालयाच्या चकचकीत दारापेक्षा हृदयाच्या रुग्णाला जयदेवची गर्दी परवडली, असं मी कोणालाही निःसंकोच सांगेन.

हे सगळं भरती होऊन घ्यायच्या उपचारांबद्दल. बाह्यरुग्ण विभागातली तपासणी, रोजची रक्तदाबाची गोळी यात येत नाही. त्यासाठी जवळचं ‘नम्म क्लिनिक’ बरं.

गावाकडची कार्डं

महाराष्ट्रात १ जुलै २०२४ पासून महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना पिवळ्या-केशरीच नव्हे, तर पांढऱ्या रेशन कार्डासकट राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना लागू आहे, मर्यादा ५ लाख. त्यामुळे सोलापूरहून किंवा कोल्हापूरहून मुलाकडे आलेल्या आईला वाटतं, ‘माझं कार्ड आहे की.’ पण ही राज्याची योजना आहे आणि ती महाराष्ट्राशी करार केलेल्या रुग्णालयांतच चालते. देशभर चालतं ते केंद्राच्या यादीतलं आयुष्मान. आईच्या कार्डावर नेमकं काय आहे ते तिकडच्या आरोग्यमित्राला विचारून घ्या. शस्त्रक्रिया आज-उद्या लागणारी नसेल, मोतीबिंदू किंवा गुडघा अशी थांबू शकणारी असेल, तर ती गावी, तिकडच्या कार्डावर करून घेणं पुष्कळदा शहाणपणाचं ठरतं.

कायमचं इथेच राहायचं ठरलं असेल तर इथल्या रेशन कार्डात नाव घाला. त्यासाठी तिकडच्या कार्डातून नाव कमी केल्याचा तहसील कार्यालयाचा दाखला आधी लागतो. दोन राज्यांत दोन कार्डं ठेवू नका. आधारमुळे ते उघडकीला येतंच आणि दोन्ही अडकतात.

सीमाभागातल्या वाचकांसाठी थोडं वेगळं. महाराष्ट्राने आपल्या दाव्यातल्या ८६५ गावांतल्या रहिवाशांना फुले योजना देऊ केली आहे आणि बेळगाव, उत्तर कन्नड (कारवार), कलबुर्गी, बिदर या जिल्ह्यांतली काही रुग्णालयं त्यासाठी घेण्याचं ठरवलं. कर्नाटकाने त्याला कडाडून हरकत घेतली आणि तिथल्या नोंदणीवरूनही वाद झाले. बेळगावातल्या माणसाने त्यामुळे कर्नाटकाचं आयुष्मान कार्ड आधी काढावं, ते त्याच्या हक्काचं आहे. महाराष्ट्राच्या योजनेत बसत असेल तर तीही घ्यावी. दोन सरकारांच्या भांडणात रुग्णाने कुठल्याही एका बाजूवर विसंबून राहू नये.

आणि कर्नाटकातल्या गावी शेती असलेल्यांनी ‘यशस्विनी’ विसरू नये. सहकारी संस्थांच्या सभासदांसाठीची ही योजना २०१८ मध्ये आरोग्य कर्नाटकात विलीन झाली होती, जानेवारी २०२३ पासून पुन्हा स्वतंत्र सुरू झाली. गावच्या दूध सोसायटीचा किंवा विकास सोसायटीचा सभासद असलेल्या चार जणांच्या कुटुंबाला वर्षाला ५०० रुपयांत ५ लाखांचं संरक्षण मिळतं. शहरी संस्थांच्या सभासदांना १,०००. मेख एकच, नोंदणी वर्षातल्या ठरावीक मुदतीतच होते. सोसायटीच्या सचिवाला वर्षअखेर जवळ आली की फोन करा.

सत्तरी ओलांडलेल्यांसाठी

२९ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्राने ७० वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकासाठी आयुष्मान ‘वय वंदना’ कार्ड आणलं. उत्पन्नाची अट नाही, रेशन कार्डाचा प्रश्न नाही. फक्त आधार, आणि त्यावरची जन्मतारीख. वर्षाला ५ लाख. घरावर आधीच आयुष्मान असेल तर ज्येष्ठांसाठी हे ५ लाख वेगळे. खासगी विमा असला तरी चालतं. केंद्रीय कर्मचाऱ्यांची किंवा माजी सैनिकांची योजना ज्यांना आहे त्यांना मात्र दोहोंतून एक निवडावी लागते.

कार्ड निघणं आणि रुग्णालयात ते स्वीकारलं जाणं या दोन वेगळ्या पायऱ्या धरा. अंमलबजावणी राज्याच्या हाती असते. म्हणून कार्ड काढून ठेवाच, आणि तुम्ही ज्या रुग्णालयात जाण्याची शक्यता आहे तिथल्या आयुष्मान टेबलावर आत्ताच जाऊन विचारून या: वय वंदना इथे घेता का, कोणत्या विभागात घेता, रेफरल लागतो का? आधारवर जन्मतारखेऐवजी नुसतं वर्ष असेल किंवा ती चुकलेली असेल तर तीही दुरुस्ती याच फेरीत करून टाका.

कायद्याने बांधलेले

आता कायद्याच्या बाजूचं. महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेल्या कामगाराला, दहा किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत, कर्मचारी राज्य विम्याचा म्हणजे ईएसआयचा हक्क आहे. १९४८ चा तो कायदा २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, हक्क तसाच आहे. कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का, मालकाकडून सव्वातीन टक्के. उपचार कामगारालाच नव्हे तर कुटुंबालाही, अवलंबून असलेल्या आईवडिलांसकट. राजाजीनगरला ईएसआयचं मोठं रुग्णालय आणि वैद्यकीय महाविद्यालय आहे.

तुमच्या इमारतीचा सुरक्षारक्षक, कोपऱ्यावरच्या कपड्यांच्या दुकानातली मुलगी, दर्शिनीत पोळ्या लाटणारी बाई: यांची पगाराची चिठ्ठी एकदा मागून पाहा. ईएसआयची कपात दिसते का? दिसत असेल तर त्यांना त्यांचा विमा क्रमांक माहीत आहे का? कुटुंबातल्यांची नावं त्यात घातली आहेत का? कपात होते पण बायकोचं नाव नोंदलेलंच नाही, असं सर्रास आढळतं. इमारतीच्या समितीवर तुम्ही असाल तर सुरक्षा कंपनीला बिल देताना ईएसआय भरल्याची पावती मागणं तुमच्या हातात आहे, आणि ती मागाच.

अ‍ॅपवरून जेवण, किराणा पोचवणाऱ्या आणि टॅक्सी चालवणाऱ्यांसाठी कर्नाटकाने २०२५ मध्ये स्वतंत्र कायदा केला. राजस्थानने २०२३ मध्ये वाट दाखवली होती. या कायद्याने नोंदणीचा भार कंपनीवर टाकला आहे: आपल्याकडच्या कामगारांची माहिती कंपनीने कल्याण मंडळाला द्यायची, मंडळ प्रत्येकाला स्वतंत्र ओळख क्रमांक देणार, आणि कामगाराने कंपनी बदलली तरी तो क्रमांक तोच. प्रत्येक व्यवहारात कामगाराला मिळणाऱ्या रकमेवर १ ते ५ टक्के कल्याण शुल्क कंपनीकडून. किती लाखांचं संरक्षण, हे कायदा सांगत नाही. ते मंडळाच्या योजनांतून ठरतं. पण क्रमांक नसेल तर योजनाही नाही. त्या पोरांना तो क्रमांक मिळाला का, हे विचारा.

घरकाम करणाऱ्या ताईंसाठी असा कायदा अजून झालेला नाही. त्यांच्यासाठी बीपीएल कार्ड, त्यावरचं आयुष्मान आणि असंघटित कामगारांसाठीची ई-श्रम नोंदणी एवढी तीन कामं. यांतलं एकही अवघड नाही, पण त्यासाठी कामाचा अर्धा दिवस मोडतो आणि पगार कापला जाईल या भीतीने त्या जात नाहीत. तो अर्धा दिवस भरपगारी द्या आणि शक्य असेल तर त्यांच्यासोबत जा.

विकत घ्यायचा असेल तर

एपीएल घरांना, म्हणजे बनशंकरीतल्या बहुतेक मध्यमवर्गीयांना, खासगी विम्यावाचून इलाज नाही. कंपनीचा गट विमा नोकरीसोबत संपतो, आणि तो बहुधा पन्नाशीनंतर, मधुमेह लागल्यावर संपतो. नोकरी चालू असतानाच स्वतःची वेगळी पॉलिसी घ्या. नोकरी सुटलीच तर गट विम्यातून त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं आणि प्रतीक्षेची भरलेली वर्षं मोजली जातात. पण हा अर्ज नोकरी सोडण्याआधी मनुष्यबळ विभागामार्फत करायला घ्या.

एप्रिल २०२४ पासून विमा नियामकाचे नियम ग्राहकाच्या बाजूने बरेच सुधारले आहेत. नव्या पॉलिसीला ६५ वर्षांची वरची अट राहिली नाही. आधीच्या आजारासाठी प्रतीक्षा जास्तीत जास्त ३ वर्षं. सलग ५ वर्षं हप्ते भरले की फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय ‘तुम्ही माहिती लपवली’ म्हणून दावा नाकारता येत नाही. पॉलिसी हातात आल्यावर ३० दिवसांत परत करता येते. कॅशलेसच्या विनंतीवर १ तासात उत्तर, घरी सोडतानाची मंजुरी ३ तासांत. ज्येष्ठांचा हप्ता एका वर्षात १० टक्क्यांहून अधिक वाढवायचा तर आधी नियामकाशी बोलावं लागतं. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी शून्य. तुमच्या पावतीवर तो अजून दिसत असेल तर विचारा.

अर्ज मात्र स्वतः वाचून भरा. एजंट फोनवरून प्रश्न विचारतो, ‘शुगर? नाही ना?’ आणि उत्तराआधीच खूण करून पुढे जातो. सहा वर्षांपूर्वी एकदा वाढलेली साखर, थायरॉईडची गोळी, जुनं सिझेरियन, सगळं लिहा. हप्ता थोडा वाढेल, प्रतीक्षा लागेल, पण दावा उभा राहील. खोलीच्या भाड्याची मर्यादाही पाहा. पॉलिसीत दिवसाला ५ हजारांची खोली आणि तुम्ही १० हजारांची घेतलीत, तर फक्त खोलीचाच फरक भरावा लागतो असं नाही. डॉक्टरांची फी, शस्त्रक्रियागृह यांसकट बिलाचा मोठा भाग त्याच प्रमाणात कापला जातो.

सगळ्या कंपन्यांच्या पॉलिसी एका ठिकाणी दाखवणारा ‘विमा सुगम’ हा भारताचा स्वतःचा बाजार २०२४ च्या नियमांनी आकाराला आला, सप्टेंबर २०२५ मध्ये त्याचं संकेतस्थळ सुरू झालं, आणि तो टप्प्याटप्प्याने उभा राहतो आहे. अमेरिकी बाजारांसारखी सरकारी मदत त्यात नाही, पण तुलना तरी एका जागी होईल.

नाकारलं तर

कर्नाटकाच्या खासगी वैद्यकीय आस्थापना कायद्याने, २००७ चा मूळ कायदा आणि त्यानंतरची दुरुस्ती मिळून, काही गोष्टी पक्क्या केल्या आहेत. तातडीच्या रुग्णाला आगाऊ पैशांसाठी अडवता येत नाही. दरपत्रक लावणं बंधनकारक आहे. रुग्ण दगावला तर थकलेल्या बिलासाठी मृतदेह अडवून ठेवता येत नाही. दुःखाच्या वेळी हे कोणाला सुचत नाही, म्हणून घरातल्या दोघांना तरी ठाऊक असावं.

आयुष्मानच्या रुग्णाकडून रुग्णालयाने वर पैसे मागितले तर तोंडी वाद घालू नका. मागणी लिहून मागा, पावती घ्या आणि आधी दिलेल्या ट्रस्टच्या आणि राष्ट्रीय क्रमांकांवर तक्रार नोंदवून तक्रार क्रमांक घ्या. खासगी विम्याने दावा नाकारला तर नकाराचं कारण पॉलिसीच्या कोणत्या कलमाखाली, ते लेखी मागा आणि कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. बंगळूरच्या लोकपालांचं कार्यालय जे. पी. नगर पहिल्या टप्प्यात, चोविसाव्या मेन रोडवर, जीवन सौधा इमारतीत आहे. बनशंकरीहून रिक्षाने जाण्यासारखं. कंपनीच्या अंतिम नकारापासून एका वर्षाच्या आत अर्ज करायचा. फी नाही, वकील लागत नाही, आणि लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. अर्जासोबत पॉलिसीची प्रत, नकाराचं पत्र, डिस्चार्ज समरी आणि तुम्ही कंपनीला लिहिलेल्या पत्रांच्या प्रती जोडा, आणि प्रत्येक कागदाची एक प्रत घरी ठेवा.